खिलत आणि वस्त्रे : एका अरबी प्रथेचा महाराष्ट्रातील प्रवास

प्रस्तावना

अरबांच्या पारंपरिक वेशभूषेविषयी मराठीत जे थोडेफार लेखन आढळते ते बहुतांशी वर्णनपर आहे. पायघोळ झगा, डोक्यावर रुमाल, रुमालावर काळ्या दोरीचे वेढे, कमरेला बाकदार जंबिया एवढे सांगून विषय संपविला जातो. अशा वर्णनाने कुतूहल शमते, परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न तसाच राहतो. हा वेश कोणी कोणाला दिला, कोणाच्या समक्ष घातला गेला आणि घातल्याने काय मान्य केले गेले, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत निबंधात अरबी वेशपरंपरेच्या याच अंगाचा, म्हणजे वस्त्र देण्या-घेण्याच्या प्रथेचा, महाराष्ट्राच्या संदर्भात विचार केला आहे.

निबंधातील प्रतिपादन असे की, अरबी पोशाख महाराष्ट्रात पोशाख म्हणून फारसा रुजला नाही. त्याचा घोळ आणि त्याची शिवण येथे पोहोचली ती इराणी व तुर्की शिंप्यांच्या हातून पार बदलून. मात्र राजाने आपल्या अंगचे वस्त्र सेवकास द्यावे व ते त्याने सर्वांसमक्ष परिधान करावे, ही बगदादच्या दरबाराची रीत येथील राजकारणात अशी मुरली की पुण्याच्या पेशव्यांचे पद अखेरपर्यंत साताऱ्याहून येणाऱ्या कापडाच्या काही नगांवर अवलंबून राहिले.

न शिवलेली दोन वस्त्रे

प्राचीन अरबांचा मूळ वेश न शिवलेला होता. कमरेभोवती गुंडाळण्याचे एक वस्त्र, त्याला ‘इजार’ म्हणत. खांद्यावरून घेण्याचे दुसरे, ते ‘रिदा’. हज यात्रेस जाणारा पुरुष यात्रेकरू आजही ‘इहराम’ म्हणून हीच दोन पांढरी, बिनशिवणीची वस्त्रे नेसतो. धोतर आणि उपरणे यांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ही जोडी परकी वाटू नये. पुढे ‘कमीस’ म्हणजे शिवलेला लांब अंगरखा, त्यावर ‘जुब्बा’ किंवा ‘अबा’ आणि डोक्याला ‘इमामा’ म्हणजे पागोटे अशी भर पडत गेली. वाळवंटात अंगाला न चिकटणारा सैल कपडा आणि त्याखाली खेळती हवा यांनी उन्हाचा ताप सुसह्य होतो. मान व चेहरा झाकणारा रुमाल उडत्या वाळूपासून जपतो.

तथापि ‘अरबांचा वेश’ असा एकच वेश कधी नव्हता. येमेन व हद्रमौतचा रहिवासी लुंगीसारखे वस्त्र नेसून पट्ट्यात जंबिया खोवी, नज्दचा बदाऊनी पायघोळ अंगरखा घाली, ओमानी माणसाची भरतकामाची गोल टोपी निराळीच. इराकात तर अब्बासी खलिफांच्या काळी इराणी विजार, इराणी कबा आणि उंच टोपी यांनी दरबारी वेश जवळजवळ व्यापून टाकला. अरबांनी इराण जिंकला आणि इराणने अरबांचे कपडे बदलले, असे म्हणण्यास हरकत नाही.

या फेरफाराची खूण मराठी भाषेत शिल्लक आहे. अरबीत बिनशिवणीचे नेसू असलेली ‘इजार’ इराणमार्गे मराठीत आली ती दोन पायांची, नाडीची, शिवलेली विजार होऊन. जुब्बा, बुरखा, मखमल, अतलस हे शब्द मुळात अरबी. फकिराची कफनी ज्या ‘कफन’ शब्दावरून आली तोही अरबीच. सर्वांत विचार करण्यासारखा शब्द मात्र ‘अबीर’ हा आहे. अरबी भाषेत तो अनेक सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाचा वाचक आहे. आपल्याकडे तो विठ्ठलाच्या चरणी पोहोचला आणि वारकऱ्याच्या कपाळी लागला. तो कोठून आला हे विचारण्याची गरज कोणा वारकऱ्यास वाटली नाही, हेच त्याच्या रुजण्याचे प्रमाण होय.

सैमूरचे अरब

मुळशी तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा कडा उतरला की कोकण लागते. कोरीगड आणि घनगड हे किल्ले त्या उतरत्या घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी उभे आहेत. घाटाखालच्या किनाऱ्यावरचे जुने नामांकित बंदर म्हणजे चौल. अरब लेखक त्यास ‘सैमूर’ म्हणत. इतिहासकार व प्रवासी अल मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ. स. 916 च्या सुमारास, येथे आला होता. त्या वेळी हा प्रदेश राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता व स्थानिक कारभार शिलाहार झंझ याच्याकडे होता. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे मसूदी लिहितो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले होते, तसेच ‘बयासिरा’ही होते. बयासिरा म्हणजे याच भूमीवर जन्मलेले मुसलमान. त्यांच्या तंट्यांचा निवाडा करण्यासाठी ‘हुनरमन’ या पदावर त्यांच्यापैकीच एकाची नेमणूक राजाकडून होत असे.

हे लोक येथे कोणता वेश करीत? दहाव्या शतकातीलच इब्न हौकल या भूगोलकाराने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. खंबायत ते सैमूर या पट्ट्यातील मुसलमान व इतर रहिवासी सारखेच कपडे घालतात, दाढीही सारखीच राखतात आणि उष्म्यामुळे तलम सुती वस्त्रे वापरतात, असा त्याचा आशय आहे. कोकणात आलेल्या अरबाने आपला वेश येथील लोकांवर लादला नाही, उलट तोच येथील कापडात शिरला, असा याचा अर्थ होतो. दमट हवेत तलम सुती कापडाला पर्यायही नव्हता. पुढे तर कापडाचा ओघ उलट दिशेने वाहिलेला दिसतो. इजिप्तमध्ये फुस्तात येथील उत्खननांत गुजरातेत ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे असंख्य तुकडे मिळाले आहेत. मध्ययुगीन अरबाच्या अंगावरचे कापड पुष्कळदा आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून गेलेले असे.

या संदर्भात पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. शके 848 (इ. स. 926) मधील हा ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील आहे. त्यात संयान मंडलाचा, म्हणजे संजाणच्या प्रदेशाचा, अधिकारी म्हणून ‘मधुमती सुगतिप’ याचे नाव येते. तो ताजिक, म्हणजे अरब. ‘मधुमती’ हे ‘मुहंमद’चे संस्कृत रूप. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्यास ते मंडल दिले होते. त्याने नद्यांवर तरी चालविल्या, अन्नछत्र घातले आणि त्याच्या अनुमतीने देवीच्या मठिकेस भूमिदान झाले. येथे एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. राष्ट्रकूटांच्या या अरब अधिकाऱ्याच्या अधिकाराचा पुरावा तांब्याच्या पत्र्यावर, संस्कृतात, शासन म्हणून कोरला गेला. त्याच सुमारास बगदादमध्ये अधिकार दिला जात होता तो कापडातून.

खिलतीचे व्याकरण

‘खिलत’ हा शब्द अरबी ‘खलअ’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ उतरविणे. दात्याने अंगावरून उतरवून दुसऱ्यास दिलेले वस्त्र ते खिलत. परंपरा सांगते की प्रेषित मुहंमदांनी कवी काब इब्न जुहैर याचे काव्य ऐकून आपल्या अंगावरील ‘बुर्दा’ म्हणजे शाल त्यास दिली. काबच्या वारसांकडून ती खलिफा मुआवियाने विकत घेतली व पुढे ती खलिफापदाची खूण म्हणून अब्बासींकडे राहिली, असेही सांगितले जाते. कथेचा तपशील बाजूस ठेवला तरी तिच्यातील कल्पना मोलाची आहे. वस्त्राबरोबर ते वापरणाऱ्याचा अंश जातो, ही ती कल्पना.

अब्बासींनी या कल्पनेस राज्ययंत्रणेचे रूप दिले. सरकारी विणकामशाळांत खास कापड तयार होई. त्याच्या काठावर खलिफाचे नाव विणलेले वा भरलेले असे; या अक्षरपट्टीस ‘तिराज’ म्हणत. शुक्रवारच्या खुत्ब्यात नाव, नाण्यावर नाव आणि तिराजवर नाव ही सार्वभौमत्वाची तीन चिन्हे मानली जात. इब्न खल्दूनने आपल्या ‘मुकद्दिमा’त तिराजवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सुभेदार, वजीर, सेनापती यांस पद देताना त्यांच्या अंगावर ही वस्त्रे घातली जात. घालणारा वरचा, घालून घेणारा खालचा, आणि अंगावर घेतले की नाते मान्य झाले असे या प्रथेचे सरळ व्याकरण होते. त्यात तोंडी शपथेला फारसे स्थान नव्हते. शरीरच साक्षीदार होते.

या व्याकरणाचे खरे बळ खलिफाची तलवार बोथट झाल्यावर दिसून आले. इ. स. 945 मध्ये बुवैही सरदारांनी बगदाद ताब्यात घेतले आणि खलिफा त्यांच्या मुठीत गेला. तरीसुद्धा राज्ये जिंकणाऱ्यांना त्याच्याच वस्त्रांची निकड भासत राहिली. गझनीच्या महमुदास खलिफा अल कादिरकडून खिलत व किताब मिळाले. दिल्लीच्या इल्तुत्मिशाला 1229 मध्ये खलिफा अल मुस्तन्सिरकडून वस्त्रे आली. 1258 मध्ये मंगोलांनी बगदाद बुडविल्यावर अब्बासी वंशाचे नामधारी खलिफा कैरोत राहू लागले, आणि मुहंमद तुघलकाने 1344 मध्ये त्यांच्याकडूनही खिलत मिळविली. ज्याने दिल्लीहून दौलताबादेस राजधानी हलविण्याचा घाट घातला तो सुलतान परमुलखातील एका आश्रिताच्या वस्त्रापुढे नम्र झाला, ही घटना पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

याच सुलतानाविषयी अल उमरी या समकालीन लेखकाने लिहून ठेवले आहे की तो वर्षास दोन लाख पोशाख वाटतो, एक लाख वसंतात व एक लाख शरदात. अल उमरी स्वतः हिंदुस्थानात आला नव्हता. प्रवाशांच्या तोंडून ऐकलेला हा आकडा अतिशयोक्तीचा असण्याचा संभव आहे. परंतु निम्मा धरला तरी खिलत ही एक मोठी सरकारी उलाढाल होती हे स्पष्ट होते.

दिल्लीच्या सुलतानांबरोबर ही रीत दख्खनेत आली आणि 1347 मध्ये बहमनी राज्य स्थापन झाल्यावर येथेच राहिली. निजामशाही व आदिलशाहीत चाकरी करणाऱ्या मराठे सरदारांना ती अंगवळणी पडली. इराण व मध्य आशियातून येताना तिच्यावर अनेक थर चढले होते. मोगल दरबारात तीन, पाच, सात नगांच्या खिलती असत आणि बादशहाने स्वतः वापरलेले वस्त्र सर्वश्रेष्ठ मानले जाई. नऊ या अंकाचे महत्त्व तुर्क-मंगोल रिवाजातून आले होते. पोशाखाला फारसी ‘सरापा’, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत, असेही नाव पडले. मराठीत तो ‘शिरपाव’ झाला. वस्त्रे सांभाळणारा तो जामदार, त्याचे कोठार तो जामदारखाना. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत जामदारखाना आहे आणि फरासखानाही आहे. ‘फरास’ हा शब्द अरबी. बिछायती अंथरणारा, तंबू उभारणारा असा त्याचा अर्थ. पुण्याच्या बुधवार पेठेत फरासखाना म्हटले की आज पोलिसांची आठवण होते. तंबू व बिछायती कोणास आठवत नाहीत.

नाकारलेले वस्त्र

मराठ्यांच्या इतिहासात खिलतीचा सर्वांत परिणामकारक उपयोग ती नाकारण्यात झाला. जून 1665 मध्ये पुरंदरचा तह झाला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये औरंगजेबाचे फर्मान व त्यासोबत खिलत आली, तेव्हा मिर्झाराजे जयसिंगांच्या सांगण्यावरून शिवाजी महाराज रिवाजाप्रमाणे काही कोस सामोरे गेले. पुरंदरच्या पायथ्याशी स्वीकारलेली ती वस्त्रे तहाचाच एक भाग होती.

पुढच्या वर्षी, 12 मे 1666 रोजी, आग्र्याच्या दरबारात काय घडले ते जयपूरच्या दप्तरातील राजस्थानी पत्रांमुळे तपशिलाने कळते. औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार होता. पान वाटले गेले. नंतर शाहजादे, वजीर जाफरखान आणि जसवंतसिंह यांना खिलती दिल्या गेल्या. शिवाजी महाराजांना मिळाली नाही. आपल्याकडील पुष्कळ कथनांत अपमान कोणत्या रांगेत उभे केले यावरून झाला असे सांगितले जाते, आणि ते चूकही नाही. परंतु पत्रांतील क्रम पाहता महाराजांचा संताप अनावर झाला तो खिलती वाटल्या गेल्यानंतर. ते रांग सोडून बाजूस गेले. मग समजूत घालण्यासाठी खिलत घेऊन माणसे पाठविण्यात आली, तेव्हा मला मारा वा कैद करा, पण हे वस्त्र मी अंगावर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

न मिळालेल्या वस्त्राचा राग आणि मिळत असलेल्या वस्त्रास नकार यांत वरवर विसंगती दिसेल. प्रथेचे व्याकरण ध्यानात घेतल्यास ती उरत नाही. वेळेवर व योग्य क्रमाने दिलेली खिलत म्हणजे मान. सर्वांदेखत डावलून मागाहून समजुतीसाठी दिलेली खिलत म्हणजे केवळ अंकित असल्याची कबुली. दरबारातील प्रत्येकास हा भेद कळत होता, म्हणूनच त्या नकाराने सारा दरबार हादरला. आठ वर्षांनी, 6 जून 1674 रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला. महाराज आता वस्त्रे देणारे झाले. याच काळात रघुनाथपंडितांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. मराठी व्यवहारात पद देताना ‘वस्त्रे’ हा आपला शब्द रूढ झाला. व्याकरण मात्र जसेच्या तसे राहिले.

साताऱ्याची वस्त्रे

पेशवेपदाच्या इतिहासाचा एक सांगाडा केवळ वस्त्रांच्या तारखांवरून मांडता येईल. बाळाजी विश्वनाथ यांना शाहू महाराजांनी 1713 च्या नोव्हेंबरात पुण्याजवळील मांजरी येथे पेशवेपदाची वस्त्रे दिली. बाजीरावांना ती 1720 च्या एप्रिलमध्ये मसूरच्या मुक्कामी मिळाली, नानासाहेबांना 1740 मध्ये, माधवरावांना पानिपतानंतर 1761 मध्ये. वस्त्रांसोबत शिक्के-कट्यार येत असे. दप्तरी नोंदींत अशा पोशाखांची मोजणी ‘सनगे’ या एककात होई. पागोटे, शेला, जामेवार, किनखाप असे एकेक नग लिहिले जाई.

शाहू महाराज असेपर्यंत या विधीत विशेष गूढ नव्हते. धनी चाकरास पद देत होता. 1749 मध्ये त्यांचा अंत झाला आणि साताऱ्याचे छत्रपती रामराजे पुढे नजरकैदेतल्यासारखे राहू लागले. सत्ता पुण्यात होती, खजिना व फौज पुण्याच्या हुकमात होती. तरी वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राघोबादादांनी रामराजांकडून वस्त्रे आणविली. पुढे कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध बारभाईंचे कारस्थान रचले. नारायणरावांच्या पश्चात गंगाबाईंना 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर पुत्र झाला आणि अवघ्या चाळिसाव्या दिवशी त्या तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावे पेशवेपदाची वस्त्रे त्याच साताऱ्याहून आली. एका वर्षात एकाच हाताने दोन विरोधी पक्षांना तेच पद दिले होते. 1796 मध्ये तर दोन सख्ख्या भावांना, आधी चिमाजीअप्पांस व नंतर दुसऱ्या बाजीरावांस, एकाच वर्षात वस्त्रे मिळाली.

याला निव्वळ देखावा म्हणण्याचा मोह आपल्या इतिहासलेखनाला झालेला आहे. मला ते पटत नाही. देखावाच असता तर बारभाईंसारख्या व्यवहारी माणसांनी चाळीस दिवसांच्या बालकासाठी साताऱ्याकडे धाव घेतली नसती. राघोबादादांच्या अंगावर चढलेली वस्त्रे निष्प्रभ करण्यास दुसरी वस्त्रेच लागत होती. तलवारीने ते काम होण्यासारखे नव्हते. बुवैहींच्या मुठीतील खलिफा आणि पेशव्यांच्या कारकिर्दीतील सातारा यांची तुलना म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. दोहोंकडे बळ एकाकडे व अधिकार दुसऱ्याकडे अशी विभागणी झाली होती, आणि त्या दोन टोकांना जोडणारा धागा शब्दशः धागाच होता.

पुण्यातील बादशाही तंबू

या प्रथेचा कळस पुण्याने 22 जून 1792 रोजी पाहिला. महादजी शिंदे दिल्लीहून बादशहा शाह आलम याच्याकडून पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ या पदाची फर्माने व खिलत घेऊन आले होते. या शाह आलमचे डोळे चारच वर्षांपूर्वी, 1788 मध्ये, गुलाम कादिराने काढले होते. अंध, परावलंबी बादशहाची वस्त्रे त्याच्याच संरक्षकाने, म्हणजे महादजींनी, आपल्या धन्यासाठी आणली होती.

नाना फडणविसांनी यास विरोध केला आणि तो तर्कशुद्ध होता. पेशवा हा छत्रपतींचा सेवक. ज्याच्या अंगावर साताऱ्याची वस्त्रे आहेत त्याने दिल्लीची अंगावर घेतली तर तो नेमका कोणाचा? अखेर साताऱ्याच्या छत्रपतींची संमती मिळविण्यात आली, मगच समारंभ पार पडला. ग्रँट डफने त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. भव्य तंबूंत बादशहाच्या जागी एक सिंहासन मांडले होते व त्यावर फर्माने, खिलत आणि पदचिन्हे ठेवली होती. अठरा वर्षांच्या पेशव्यांनी रिकाम्या सिंहासनास तीन वेळा मुजरा केला, एकशे एक मोहरा नजर केल्या आणि डावीकडे आसन घेतले. फर्माने वाचून दाखविण्यात आली. त्यांत गोवधबंदीचेही एक होते. मग खिलत दिली गेली. तीत नऊ वस्त्रे, पाच रत्नालंकार, ढाल, तलवार, शिक्के व कलमदान होते. पेशवे शेजारच्या तंबूत गेले आणि वस्त्रे परिधान करून परत आले.

त्या तंबूत जमलेल्या प्रथांची गणती करावी असे वाटते. वस्त्राने पद देण्याची कल्पना अरबी, नऊचा आकडा तुर्क-मंगोल, फर्मानाची भाषा फारसी, संमती साताऱ्याची, आणि अंगावर घेणारे कोकणस्थ ब्राह्मण. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तेव्हा पुणे दरबारी होता. कलकत्त्याला या वस्त्रांची चिंता वाटत होती, ती उगाच नव्हे.

अरब शिपाई

याच सुमारास पुणे, नागपूर व बडोदे येथे खरेखुरे अरब मोठ्या संख्येने दिसू लागले होते. ते मुख्यतः हद्रमौतचे भाडोत्री शिपाई. लुंगी, जंबिया आणि तोड्याची बंदूक ही त्यांची ओळख होती. नागपुरात सीताबर्डीच्या लढाईनंतर डिसेंबर 1817 मध्ये त्यांनी शहर धरून ठेवले. मालेगावचा किल्ला त्यांनी जून 1818 पर्यंत लढविला. पुढे इंग्रजांनी त्यांना आपल्या प्रदेशातून घालविले, परंतु निजामाच्या राज्यात ते टिकले. मराठवाड्यातील चाऊस कुटुंबे ही त्यांचीच वंशपरंपरा. त्यांचा वेश येथील सामान्य लोकांनी उचलला नाही. सैमूरच्या अरबांप्रमाणे तेच येथल्या वेशात मिसळत गेले. मराठीत राहिला तो जंबिया हा शब्द.

मावळातील शिरपाव

खिलतीचा प्रवास दरबारात थांबला नाही. मुठे खोरे, पौड खोरे अशा मावळी मुलखात पाटील-देशमुखांच्या वतनी हक्कांत ‘शेलापागोटे’ हा मान असे. कोणाचा विडा आधी, कोणाचा टिळा आधी, कोणास पागोटे व कोणास नुसता शेला यांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. आज त्या तंट्यांना क्षुल्लक म्हणणे सोपे आहे; आग्र्याच्या दरबारातला तंटा त्याच जातीचा होता.

अर्थात वस्त्र देण्याची प्रत्येक मराठी चाल अरबस्तानातून आली असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. वस्त्रदानाची आपली परंपरा फार जुनी आहे, आणि सासर-माहेरच्या आहेराचा बगदादशी काही संबंध नाही. भेद ओळखण्याची एक कसोटी सुचविता येते. आहेराची परतफेड होते. आज घेणारा उद्या देणारा असतो. खिलतीत दात्याला उलट मिळते ती नजर, वस्त्र नव्हे. सत्कारातील शाल-श्रीफळ या दोहोंच्या मधले आहे. शाल अंगावर घालतात ती दरबारी थाटात. पण सत्कारमूर्ती दोन मिनिटांत ती उतरवून खुर्चीच्या पाठीवर टाकतात, याचा दरबारात विचारही करता आला नसता. निरोपाचे अत्तरही असेच. अरबी घरात ऊद जाळून धूप फिरविला की पाहुण्याने उठावे असा संकेत आहे. मराठी दरबारात अत्तर-पान झाले की बैठक संपे. ‘ऊद’ आणि ‘अत्तर’ हे दोन्ही शब्द अरबीच आहेत.

गावपातळीवर या प्रथेचे सर्वांत ठोस रूप महसुलात दिसते. मराठी अमदानीत गावचा वसूल दर साल पाटलाशी बोलून ठरे. रक्कम पाटलाने मान्य केली की सरकारातून त्यास शिरपाव, बहुधा एक पागोटे, मिळे. ते डोक्यास बांधले की करार पुरा झाला. 1818 नंतर इंग्रजांनी रयतवारी आणली. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरात नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली आणि शेतवार दर तीस वर्षांसाठी बांधून दिले गेले. पुढे ही पद्धत पुणे जिल्ह्यात सर्वत्र लागू झाली. दर साल पाटलाची मान्यता घेण्याचे कारणच उरले नाही, तेव्हा पागोट्याचेही उरले नाही. शिरपाव हा शब्द आता वर्तमानपत्रांत, एखाद्या खेळाडूच्या किंवा विद्यार्थ्याच्या यशाच्या बातमीत, तेवढा भेटतो.